निकालाआधीची मुलं

मुंबई, ठाणे, रायगड आणि पालघर या जिल्ह्यांत राज्य मंडळाची बारावी देणाऱ्या प्रत्येक मुलाचा निकाल वाशीशी बांधलेला असतो. राज्य मंडळाच्या नऊ विभागीय मंडळांपैकी मुंबई विभागाचं कार्यालय इथं आहे. निकालानंतरच्या दिवसांत तिथं पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाच्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, कुणाला उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी असते, कुणाची जुनी गुणपत्रिका पावसात भिजून गेलेली असते. २०२५ साली या विभागाचा बारावीचा निकाल ९२.९३ टक्के लागला, राज्याचा ९१.८८. मंडळाला मुलांविषयी जे सांगायचं असतं ते या आकड्यांत आणि ज्याच्या त्याच्या सहाशेपैकी पडलेल्या गुणांत संपतं. यात मंडळाला बोल लावण्यासारखं काही नाही. लाखो मुलांच्या उत्तरपत्रिका ज्या कचेरीला वेळेत तपासून घ्यायच्या असतात, तिनं त्या मुलांच्या स्वभावाचीही विचारपूस करावी, ही अपेक्षाच वेडगळ ठरेल.

ती विचारपूस वाशीतल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात झाली आणि तिचं हे पुस्तक झालं. महाविद्यालयाचं नाव छापायचं नाही, ही मुलांची अट. मुलांची नावं छापायची नाहीत, ही शिक्षकांची. उपक्रम मराठीच्या बाईंचा. पण तो पार पडला तो रसायनशास्त्राच्या सरांच्या एका व्यवहारी सल्ल्यामुळे : पानं जर्नल सबमिशनच्या दिवशी वाटा, त्या दिवशी पटावरची झाडून सगळी मुलं हजर असतात. पूर्वपरीक्षा संपली होती, निरोप समारंभ व्हायचा होता. तिन्ही शाखांतल्या मुलांना एकेक कोरं पान देऊन तीनच गोष्टी विचारल्या. अभ्यासाशिवाय काय करता, स्वभावानं कसे आहात, पुढे काय व्हायचंय. पानाच्या वरच्या बाजूला सूचना होती की टक्के लिहू नयेत, दहावीचेसुद्धा.

पहिल्या खेपेला आलेली बरीचशी पानं बाईंनी परत केली, हे त्यांनीच मला सांगितलं. घरी नेलेलं पान दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन येत होतं. 'मी मेहनती, प्रामाणिक आणि ध्येयवादी आहे' असं एकाच वर्गातल्या दहा जणांनी लिहिलं तर ते दहा जण नसतात, एक मोबाईल असतो. मग पानं वर्गातच, बाकावर बसून, हातानं लिहून घेतली. आता तुमच्यापुढे आहेत ती ही दुसऱ्या खेपेची पानं. खाडाखोड संपादकांनी काढलेली नाही आणि ते बरं केलं. एका मुलानं 'मला राग येत नाही' असं लिहून ते खोडलंय, 'मला राग येतो पण मी दाखवत नाही' असं लिहून तेही खोडलंय आणि शेवटी 'रागाचं नंतर लिहितो' म्हणून पुढे गेलाय. नंतर अर्थातच लिहिलेलं नाही.

हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा मी ते एका बैठकीत वाचलं आणि निम्म्यावर गेल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. या पानांत छंद भूतकाळात आहेत आणि ध्येयं भविष्यकाळात. 'मी भरतनाट्यम करायचे.' 'मी कबड्डी खेळायचो.' 'माझं तबल्याच्या तीन परीक्षांपर्यंत झालं होतं.' पुढच्याच ओळीत 'मला डेटा सायंटिस्ट व्हायचं आहे', 'मला जर्मनीला जायचं आहे'. मधला जो आज आहे, सतरा-अठरा वर्षांचं धडधाकट, हसरं, भुकेलं वय, त्यात काय चालू आहे हे विचारलं तर उत्तर एकच : 'सध्या बारावी आहे.' घरात आजारपण असावं तसं हे वाक्य येतं. सतरा वर्षांच्या मुलाला 'मी पूर्वी चित्रं काढायचो' असं म्हणावंसं वाटावं, यात काहीतरी बिघडलेलं आहे असं मला वाटतं. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो एवढ्यासाठीच.

पण सगळी पानं तशी नाहीत. कुठली तशी आहेत आणि कुठली नाहीत हे समजायला वाशी थोडी माहीत असावी लागते.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीवरचा पहिला पूल वाहतुकीला खुला झाला १९७३ मध्ये, लोकल वाशीपर्यंत आली १९९२ मध्ये आणि त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकाही अस्तित्वात आली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी साठच्या दशकात मांडलेली खाडीपलीकडच्या शहराची कल्पना पहिल्यांदा जमिनीवर उतरली ती वाशीत. आज बारावीला असलेल्या मुलांचे आईवडील या शहरात बहुधा बाहेरून आलेले. कुणी चेंबूर-घाटकोपरची चाळ सोडून, कुणी साताऱ्याहून, कुणी केरळातून. जे बाहेरून आले नाहीत, ते आधीपासून इथंच होते. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि वाशीगाव, जुहूगाव ही गावठाणं आजही सेक्टरांच्या मधोमध आपापली देवळं आणि जत्रा सांभाळून आहेत. एकाच बाकावर त्यामुळे तीन वेगळ्या वाशी बसलेल्या असतात. एक पाम बीच रोडच्या टॉवरमधली, एक कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली आणि एक गावठाणातली.

या तिघांना एकाच शहरात आणणारी गोष्ट म्हणजे बाजार. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्यानं इथं हलले. मसजिद बंदरचा दाणाबंदर, भायखळ्याची भाजी, क्रॉफर्ड मार्केटची फळं, सगळं वाशीच्या बाजार समितीत आलं आणि त्यामागोमाग आला तो माथाडी कामगार. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्यानं पाठीवर पोतं वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी मिळाला, बोनस मिळाला, पुढे घरंही झाली. यातली असंख्य कुटुंबं सातारा-सांगलीकडची, जुन्नर-आंबेगावकडची. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात सुरू केलेली रयत शिक्षण संस्थाही पुढे वाशीत आली. त्यांच्या नावाचं महाविद्यालय इथं आहे. साताऱ्याचा हमाल आणि साताऱ्याची शाळा खाडीच्या या किनाऱ्यावर पुन्हा भेटली, हा योगायोग मला आवडतो. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीरांची योजना होती. या पुस्तकातली काही मुलं योजनेत नसताना ती राबवतायत.

वाणिज्य शाखेतल्या एका मुलाचं पान मुद्दाम वाचा. तो भाजी मार्केटमध्ये एका गाळ्यावर पट्ट्या लिहितो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पट्टी म्हणजे शेतकऱ्याला जाणारा हिशेबाचा कागद : माल किती आला, काय भावानं गेला, भाडं, हमाली, तोलाई किती कापली आणि हातात काय उरलं. गाड्या रात्रीतून लागतात, विक्री उजाडायच्या आत सुरू होते आणि हा मुलगा पट्ट्या लिहून सकाळच्या कॉलेजला येतो. त्यानं लिहिलंय की अकाउंट्सच्या पेपरात डेबिट-क्रेडिट चुकलं तर एक गुण जातो, इथं चुकलं तर नारायणगावहून फोन येतो. कोथिंबिरीचा भाव पडला त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीत भाडं वजा जाता उलट त्याच्याच नावावर पैसे निघाले, ते लिहिताना हात थांबला, असंही लिहिलंय. थांबून काय केलं ते लिहिलेलं नाही. त्याला सीए व्हायचंय. फाउंडेशनचा फॉर्म भरलाय. हे या संग्रहातलं एक ठसठशीत वर्तमानकाळी पान.

दुसरं पान गावठाणातल्या मुलाचं. विज्ञान शाखा, शेवटचा बाक. काकाची होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो तिच्यावर असतो. भरती-ओहोटीचं कोष्टक त्याला पाठ करावं लागत नाही, तिथीवरून सांगतो. खाडीत पूर्वी जिताडा किती मिळायचा हे त्यानं आजोबांकडून ऐकलंय, आता जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त येतं हे स्वतः पाहिलंय. थंडीत फ्लेमिंगो आले की कॅमेरेवाले येतात. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. या कॅमेरेवाल्यांना चिखलात कुठपर्यंत जाता येईल ते हा सांगतो, आणि 'एकाने ऐकले नाही, त्याचे बूट अजून तिथेच आहेत' असा शेराही मारतो. त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. प्रशिक्षणाचं 'टी. एस. चाणक्य' हे केंद्र नेरूळजवळ करावे इथं पाम बीच रोडलाच लागून आहे, त्याच्या घरापासून बसनं थोड्याच अंतरावर. पण तिथं जाण्याचा रस्ता बारावीतून जातो. भौतिक, रसायन, गणित मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० हवेत, वर प्रवेश परीक्षा. खाडीचं जे ज्ञान त्याच्याकडे आहे ते त्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यानं याबद्दल तक्रार केलेली नाही. 'फिजिक्स सोडून सगळे येते' एवढंच म्हणून मोकळा झालाय.

आता भूतकाळवाल्यांकडे येऊ. ती मुलं बहुतेक विज्ञान शाखेची आहेत, आणि ती तशी का झाली याला कारण आहे. त्यांच्या स्वभावात आळस किंवा भित्रेपणा आहे असं अजिबात नाही.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत तिन्ही विषय मिळून खुल्या वर्गासाठी ४५ टक्के आणि राखीव वर्गासाठी ४० टक्के पुरतात. पुढचं सगळं सीईटीवर. दीडशे प्रश्न, दोनशे गुण, तीन तास. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिक-रसायनाचा एकेका गुणाचा, चुकीला वजाबाकी नाही, अकरावीचा भाग साधारण वीस टक्के. आयआयटीकडे डोळे असतील तर जेईई आणि मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्क्यांची अट. डॉक्टर व्हायचं तर नीट. २०२५ मध्ये नीटसाठी देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. या हिशेबात कॉलेजची जागा कुठं? कागदावर. मूल अकरावीत कॉलेजचं नाव घेतं आणि सकाळी आठपासून क्लासमध्ये बसतं. याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. जून २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. त्याचं पुढे काय झालं ते या पानांवरून कळतं. एका मुलीनं लिहिलंय की दोन वर्षांत कॉलेजचं कॅन्टीन तिनं प्रॅक्टिकलच्या दिवसांतच पाहिलं आणि तिथला समोसा चांगला असतो हे तिला फार उशिरा समजलं.

आणि छंदांचं काय होतं ते पाहा. दहावीपर्यंत पालक त्यांच्यावर वेळ आणि पैसा दोन्ही खर्च करतात, कारण तिथपर्यंत छंदाला गुण आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली की दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण, शास्त्रीय संगीत-नृत्याच्या परीक्षा दिल्या की त्याचे, लोककलेचे, खेळाचे. खेळाडूला बारावीतही सवलतीचे गुण मिळतात, पण सीईटीच्या पर्सेंटाइलला त्यांचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेटी, घुंगरू आणि रंगांच्या बाटल्या यांचा भाव एकदम शून्यावर आला. मुलं माळ्यावर काय टाकलं ते लिहितात आणि कधी टाकलं ते अचूक सांगतात. 'दहावीच्या सुट्टीत.' गुण देऊन छंद लावले की गुण संपल्यावर ते सुटतात. ज्यांनी ही वाढीव गुणांची व्यवस्था सद्हेतूनं आणली त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलीचं पान संपादकांनी मध्यावर ठेवलंय. ती पंधरा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये यष्टिरक्षण करायची. अकरावीत क्लासच्या वेळा आणि सरावाच्या वेळा एकमेकींवर आल्या, किट बॅग पलंगाखाली गेली. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. वाशीहून लोकलनं तिसरं स्टेशन. पावसानं सामना उशिरा सुरू झाला, संपला तेव्हा मध्यरात्र होत आली होती आणि हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं होतं. ही मुलगी घरी टीव्हीपुढे होती, मांडीवर क्लासचं मॉड्यूल उघडं. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. तिनं विजयाबद्दल एक ओळ लिहिलीय आणि यष्टीमागच्या रिचा घोषच्या पायांच्या हालचालींबद्दल अर्धं पान. कुठल्या षटकात ती किती मागे उभी होती, फिरकीला पुढे कधी आली. ज्यानं हे केलंय त्यालाच असं दिसतं. शेवटी 'मी खेळायचे' असं लिहून पान संपतं. वाचकहो, ही मुलगी अजून अठराची पूर्ण झालेली नाही.

या तुकडीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं सहावीची परीक्षा द्यायच्या बेतात होती. ती परीक्षा झालीच नाही. सातवी संपूर्ण मोबाईलवर गेली. शहरातले आठवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला, आणि जानेवारीत काही आठवडे परत बंद झाले. अकरा ते तेरा हे वय म्हणजे पोरांनी एकमेकांशी भांडण्याचं, गट पाडण्याचं आणि पुन्हा जमवण्याचं. ते यांचं म्यूट करून गेलं. 'मला नवीन माणसाशी पहिलं वाक्य बोलता येत नाही, दुसरं येतं' असं एकीनं लिहिलंय. स्वभावाच्या प्रश्नाला 'इंट्रोव्हर्ट' हे उत्तर इतक्यांनी दिलंय की सगळ्यांना तसं मानायला मन तयार होत नाही. स्नेहसंमेलनात याच मुलांनी व्यासपीठ हलवलं होतं, असं सर सांगतात.

महत्त्वाकांक्षांच्या बाबतीत आईवडील आणि मुलं यांच्यातला वाद वाशीत एका ठरावीक उदाहरणावर येऊन थांबतो. मुलगा म्हणतो मला संगीत करायचंय. वडील म्हणतात, शंकर महादेवन वाशीचेच ना, नेरूळच्या रामराव आदिक इन्स्टिट्यूटमधून आधी इंजिनिअर झाले, मग गायले. या वादाला उत्तर नाही. गिटार वाजवणाऱ्या एका मुलानं मात्र प्रयत्न केलाय : 'पण त्यांनी मधल्या चार वर्षांत गाणे बंद केले होते का, हे कोणी सांगत नाही.' वडिलांनी हे पान वाचावं म्हणून मी इथं मुद्दाम उतरवून ठेवतोय.

नवी स्वप्नंही आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, डिसेंबरअखेर विमानं उडायला लागली आणि या पानांत 'ग्राउंड स्टाफ', 'कार्गो', 'एव्हिएशन' हे शब्द एकदम दिसू लागले. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून मोर्च्यात चाललेल्या घरातली एक मुलगी तिथल्याच हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात बसायचं म्हणते. ते काम नेमकं काय असतं हे तिनं शोधून काढलंय आणि मैत्रिणींच्या पानांपेक्षा तिच्या पानात तपशील जास्त आहेत. यूपीएससी म्हणणारे आहेत. 'बाहेर' म्हणणारे पुष्कळ, पण 'बाहेर' म्हणजे कुठं हे सांगणारे थोडे. कला शाखेतली मुलं मोजकी, आणि ती सगळ्यात मोकळेपणानं लिहितात. मानसशास्त्र, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, जाहिरात. आपल्याला काय नको हे त्यांना आधीच कळलेलं असतं, कारण कला शाखा घेताना घरी एकदा भांडण होऊन गेलेलं असतं. बसचे सगळे मार्ग तोंडपाठ असलेला मुलगा वाहतूक नियोजन शिकणार म्हणतो. त्याला एनएमएमटीनं आत्ताच बोलावून घ्यावं.

भाषेबद्दल थोडं. पानं मराठीत लिहायची हे ठरल्यावर अडचणी आल्या. वाशीच्या वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी घरची मुलं असतात. त्यांनी बाईंना तोंडी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. पण खरी अडचण मराठी घरच्या मुलांची होती. २०२० च्या कायद्यानं मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. अकरावीत दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं, त्याची परीक्षा संगणकावर, गुण भरघोस. तेव्हा मराठी घरचा हुशार मुलगा अकरावीत पहिलं काय सोडत असेल तर मराठी. दोन वर्षांनी एक पान मराठीत लिहायला बसला की 'क्ष' कसा काढायचा ते शेजारच्याला विचारतो. काही पानांतली भाषा म्हणूनच अडखळते. ती तशीच ठेवली आहे.

मला सगळ्यात आवडलेलं पान संग्रहातून जवळजवळ वगळलं गेलं होतं. सेक्टरमधल्या एका सोसायटीत राहणारी विज्ञान शाखेची मुलगी. अभ्यासाशिवाय काय करतेस? 'गॅलरीत उभी राहते.' स्वभाव? 'चौकशी करणारी. खालच्या भाजीवाल्या मावशींच्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं ते मला माहीत आहे.' काय व्हायचंय? 'आत्ता काहीच नाही. खरंच. मला सगळे विचारतात आणि मी काहीतरी सांगते, आर्किटेक्ट सांगते बहुतेक वेळा, कारण ते ऐकून लोक पुढे विचारत नाहीत.' एका संपादकांना हे पान नकारात्मक वाटलं होतं. मला ते या संग्रहातलं सर्वांत खरं पान वाटतं. सतराव्या वर्षी आयुष्याचा आराखडा तयार असणं हा गुण आहे असं आपण धरून चाललोय. या मुलीकडे आराखडा नसेल, आजूबाजूला बघणारे डोळे आहेत आणि ते दोन्ही वर्षं उघडे राहिलेत. पान राहिलं ते बाईंच्या आग्रहामुळे.

या संग्रहात उणिवा आहेत. मुलांपेक्षा मुलींची पानं जास्त लांब आणि जास्त चांगली आहेत, तेव्हा मुलग्यांना बोलतं करायला शिक्षकांनी आणखी वेळ द्यायला हवा होता. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या, आयटीआयला गेलेल्या किंवा दिघा-रबाळ्याच्या कारखान्यांत लागलेल्या मुलांचं एकही पान इथं नाही. ती याच मुलांबरोबर शाळेत होती. पुढच्या वर्षी त्यांना शोधून काढावं. छपाई साधी आहे, किंमत मुलांना परवडेल अशी आहे, आणि पुस्तक निकालाच्या आत बाहेर यावं हा हट्ट योग्य आहे. निकालानंतर हीच पानं कुणी सरळ मनानं वाचणार नाही. ज्याला नव्वद पडले त्याच्या गिटारचं कौतुक होईल, ज्याला पंचावन्न पडले त्याच्या गिटारवर खापर फुटेल.

मुख्याध्यापक, प्राचार्य आणि पालक यांच्यापैकी जे हे वाचतायत त्यांना एक विनंती आहे. बारावीच्या गुणपत्रिकेवर 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' असा एक विषय असतो. तो सक्तीचा आहे, त्याला श्रेणी मिळते, वेळापत्रकात त्याच्या तासिका असतात. या संग्रहातल्या सगळ्या मुलांना ती श्रेणी मिळणार आहे. त्यांतल्या किती जणांनी दोन वर्षांत मैदानावर पाय ठेवला ते तुम्ही पानं वाचून मोजा. नवा विषय नको, नवी योजना नको, समिती तर नकोच. जी तासिका कागदावर आहे ती येत्या जूनपासून घ्या आणि त्या तासाला क्लास लावू नका.